रिजेक्शन शून्य, तरी फलकावर ‘नोंद नाही’: स्क्रिप्टिंग भाषांतील खरे-खोटे

शहापूरकर (रविवार, रात्री ९.१०)

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मी उत्पादनाच्या नोंदी ठेवण्याचे काम करतो. पाळी संपली की मोल्डिंगचे सुपरवायझर किती कास्टिंग ओतली आणि त्यांतील किती बाद झाली हे नोंदवहीत लिहितात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आकडे एका सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी खाने पाडलेल्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) भरले जातात आणि मी लिहिलेली पायथनची एक छोटी स्क्रिप्ट त्या फाइलवरून बाहेरच्या फलकासाठी पाळीनिहाय तक्ता तयार करते. ही स्क्रिप्ट वर्षभर विनातक्रार चालली.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या पाळीत एकही नग बाद झाला नाही. ब्लोहोल नाही, वाळू धरलेली नाही, कोअर सरकलेला नाही. ज्यांनी फाउंड्रीत काम केले आहे त्यांना अशी पाळी किती क्वचित येते हे ठाऊक असेल. दुसऱ्या दिवशी फलकावर त्या पाळीपुढे ‘नोंद नाही’ असे छापून आले. त्या पाळीतील सर्वांत जुने मोल्डर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, माझ्याकडे आले आणि शांतपणे म्हणाले, “आम्ही शून्य लिहून दिले होते. ते तुमच्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही काय?” मला फार वाईट वाटले, कारण शून्य नोंदवहीत होते, फाइलमध्येही होते, ते माझ्या स्क्रिप्टने खाल्ले होते.

मूळ ओळ अशी होती:

मजकूर = ओळ['रिजेक्शन'] ऑर 'नोंद नाही'

बेरीज करता यावी म्हणून महिन्यापूर्वी मी ती अशी बदलली:

नग = इंट(ओळ['रिजेक्शन']) इफ ओळ['रिजेक्शन'] एल्स नन
मजकूर = नग ऑर 'नोंद नाही'

पहिली ओळ शून्य व्यवस्थित दाखवत होती, दुसरी दाखवत नाही. दोन्हीकडे ‘ऑर’ तेच आहे. हे असे का होते, ते कोणी मुळापासून समजावून सांगेल काय? नुसती दुरुस्ती मला जमेल. कारण हवे आहे.

---

मलप्रभाकाठ (रविवार, रात्री १०.३५)

शहापूरकर, आपण प्रश्न फार चांगला मांडला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी खानापूर तालुक्यात शिक्षक आहे आणि हीच चूक मी स्वतः पावसाच्या नोंदींत केलेली आहे.

आपण ‘इफ अमुक’ असे लिहितो तेव्हा भाषा ‘हे विधान खरे आहे काय?’ असे विचारत नसते. अटीच्या जागी आकडा, अक्षरमाला (म्हणजे अक्षरांचा बनलेला मजकूर), यादी, काहीही ठेवता येते आणि प्रत्येक भाषेने आपल्यापुरते ठरवून ठेवलेले असते की यांपैकी कोणकोणती मूल्ये खोट्यात जमा धरायची. आपण मराठीत ‘असून नसल्यात जमा’ म्हणतो, तसेच हे ‘खोट्यात जमा’ आहे. पायथनमध्ये फॉल्स, नन (म्हणजे ‘मूल्यच नाही’), कोणत्याही जातीचे शून्य (० असो वा ०.०), रिकामी अक्षरमाला, रिकामी यादी, रिकामा टपल, रिकामी डिक्शनरी आणि रिकामा सेट ही खोट्यात जमा असतात. बाकी जवळपास सगळे खऱ्यात जमा असते.

आता आपल्या दोन ओळी पाहा. सीएसव्ही वाचणारे मॉड्यूल प्रत्येक खाना अक्षरमाला म्हणूनच देते. म्हणजे आपल्या जुन्या ओळीत '०' हे एक अक्षर होते. एक अक्षर असलेली माला रिकामी नसते, म्हणून ती खऱ्यात जमा झाली आणि शून्य छापले गेले. नव्या ओळीत आपण त्याचा पूर्णांक केला आणि पूर्णांक ० खोट्यात जमा असतो. डोळ्यांना दोन्ही ठिकाणी शून्यच दिसते, पण जात बदलली आणि जातीबरोबर निवाडाही बदलला. आपली पहिली ओळ बरोबर होती असेही मी म्हणणार नाही. ती योगायोगाने बरोबर उत्तर देत होती.

दुसरा भाग ‘ऑर’चा. पायथनमध्ये ‘ऑर’ खरे किंवा खोटे असे उत्तर देत नाही, तर दोन बाजूंपैकी एक मूल्य जसेच्या तसे परत करते. डावी बाजू खऱ्यात जमा असेल तर डावी, नसेल तर उजवी. म्हणून ‘नग ऑर नोंद नाही’ याचा अर्थ ‘नग उपलब्ध नसेल तर’ असा होत नाही, ‘नग खोट्यात जमा असेल तर’ असा होतो. नोंद असणे वेगळे आणि नोंदीतला आकडा शून्य असणे वेगळे, आणि या एका शब्दाने दोन्ही एकाच पोत्यात घातली.

आपल्याला विचारायचे आहे ते सरळ लिहावे:

मजकूर = 'नोंद नाही' इफ नग इज नन एल्स नग

आता माझी चूक सांगतो. आमच्या शाळेत पर्जन्यमापक आहे आणि रोज सकाळी साडेआठला मुले मापन लिहितात. एका आठवड्याचे आकडे मिलिमीटरमध्ये असे होते: ०, ०, १४, ०, २१, ०, ०. एकूण ३५, दिवस ७, म्हणजे सरासरी ५. माझ्या स्क्रिप्टने सरासरी १७.५ दिली. मी ‘न घेतलेली मापने वगळावीत’ या हेतूने यादी गाळताना ‘इफ मिमी’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे कोरडे पाचही दिवस न मोजलेल्या दिवसांत जमा झाले आणि ३५ ला २ ने भागले गेले. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जुलैमध्ये ही चूक कधी लक्षात आलीच नसती, कारण तिथे त्या महिन्यात शून्याचा दिवस मिळणेच कठीण. आमच्याकडे ऑक्टोबर उजाडला आणि आकडे बोलू लागले. सातवीतल्या एका मुलीने फळ्यावर बेरीज करून मला विचारले, तेव्हा कळले.

---

वेदगंगाकाठ (रविवार, रात्री ११.२०)

सरांचे स्पष्टीकरण वाचून मला आमच्या निपाणीकडच्या एका पतसंस्थेची वेबसाइट आठवली. ती पीएचपी या वेबसाइटसाठीच्या भाषेत आहे आणि शहापूरकरांची जुनी ओळ जर पीएचपीत असती तर ती पहिल्या दिवसापासून चुकली असती. पीएचपीत नल, फॉल्स, ०, ०.०, रिकामी अक्षरमाला आणि रिकामा अ‍ॅरे हे खोट्यात जमा आहेतच, पण त्याबरोबर "०" ही एका अक्षराची मालासुद्धा खोट्यात जमा आहे. गंमत नव्हे, गांभीर्याने सांगतो: "०.०" मात्र खऱ्यात जमा आहे, कारण ती माला म्हणून "०" नाही आणि रिकामीही नाही. वेबसाइटच्या फॉर्ममधून येणारे सगळे काही अक्षरमालाच असते, त्यामुळे "०" ला शून्य मानण्यामागे मूळची सोय कळते. पण अर्जदाराने ‘इतर कर्ज’ या खान्यात प्रामाणिकपणे ० लिहिले की ‘एम्प्टी’ हे फंक्शन तो खाना रिकामा आहे असे सांगते आणि अर्ज ‘कृपया हा रकाना भरा’ म्हणून परत येतो. आमच्याकडे लोकांनी शेवटी ‘००’ लिहायला सुरुवात केली होती. ‘००’ चालते, कारण ती माला "०" नाही.

पीएचपीतील दुसरी प्रसिद्ध खाच म्हणजे स्ट्रपॉस. एका मजकुरात दुसरा मजकूर कितव्या जागी सापडला हे ते सांगते आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. शोधलेला शब्द अगदी सुरुवातीलाच असेल तर उत्तर ०, सापडलाच नाही तर उत्तर फॉल्स. ‘इफ’ला दोन्ही सारखेच. म्हणून तिथे तीन चिन्हांच्या काटेकोर तुलनेने, म्हणजे ‘!== फॉल्स’ असे तपासावे लागते. २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८ मध्ये ‘स्ट्र कंटेन्स’ हे वेगळे फंक्शन दिले, ते सरळ हो किंवा नाही एवढेच सांगते. माझ्या मते ही दुरुस्ती बरोबर दिशेने आहे: ज्याला जागा हवी त्याला जागा, ज्याला होय-नाही हवे त्याला होय-नाही.

---

अनगोळकर (सोमवार, सकाळी ७.४५)

नमस्कार सर, नमस्कार दादा. मी इथे बेळगावातच इंजिनिअरिंगच्या पाचव्या सत्रात शिकते. वर्गात आम्हाला ‘शून्य म्हणजे खोटे, बाकी सगळे खरे’ असे एका वाक्यात शिकवले गेले, कारण आमची सुरुवात सी भाषेपासून झाली. पण लिनक्सच्या प्रयोगशाळेत बॅश (कमांड चालवण्याची भाषा) लिहिताना ते उलटे होते. तिथे कमांड ० परत देते तेव्हा ‘इफ’ आत जातो आणि १ परत देते तेव्हा जात नाही. मग ‘इफ [ ० ]’ असे लिहून पाहिले तर तेही आत गेले, आणि ‘इफ [ फॉल्स ]’ हेसुद्धा आत गेले! परंतु चौकटी कंस काढून नुसते ‘इफ फॉल्स’ लिहिले की आत जात नाही. मला यात काही सूत्र सापडत नाही.

---

चिकोडीकर (सोमवार, दुपारी १.०५)

अनगोळकर ताई, सूत्र आहे आणि ते एकदा दिसले की पुन्हा विसरत नाही. मी पंचवीसेक वर्षे शेल आणि पर्ल यांवरच पोट भरले आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बॅशमधील ‘इफ’ला मूल्य कळतच नाही. ‘इफ’च्या पुढे जे असते ती कमांड असते, बॅश ती चालवते आणि ती यशस्वी झाली की नाही एवढेच पाहते. कमांड संपताना ० ते २५५ यांपैकी एक आकडा मागे ठेवून जाते. यशाचा प्रकार एकच असतो, म्हणून त्याला ० दिले. अपयशाचे प्रकार अनेक, म्हणून उरलेले आकडे त्यांच्यासाठी. इथले शून्य ही मोजदाद नाही, ते ‘काही अडचण आली नाही’ असे सांगणारे शून्य आहे.

आता चौकटी कंस. तो व्याकरणातला कंस नसून ‘[’ नावाची कमांडच आहे. तिला एकच शब्द दिला तर ती फक्त इतके पाहते की तो शब्द रिकामा तर नाही ना. ‘०’ हा शब्द रिकामा नाही, ‘फॉल्स’ हा शब्दही रिकामा नाही. म्हणून दोन्ही वेळा यश. उलट नुसते ‘फॉल्स’ लिहिता तेव्हा त्या नावाची खरीखुरी कमांड चालते, जिचे एकमेव काम अपयश परत देणे हे आहे. आणि दुहेरी गोल कंसांत ‘(( ० ))’ लिहिलेत तर तिथे सी भाषेसारखे अंकगणित लागू होते आणि शून्य पुन्हा खोट्यात जमा होते. एकाच भाषेत तीन दारे आणि प्रत्येक दारावर वेगळा पहारेकरी.

यातून व्यवहारात काय बिघडते ते सांगतो. ग्रेप ही कमांड मजकूर सापडला तर ०, सापडला नाही तर १ आणि काही चूक झाली, उदाहरणार्थ फाइलच नव्हती, तर २ परत देते. ‘इफ ग्रेप’ला १ आणि २ सारखेच. मी एका ठिकाणी ‘लॉगमध्ये एरर हा शब्द नसेल तर जुने बॅकअप काढून टाक’ अशी अट लिहिली होती. एका रात्री लॉगची फाइलच तयार झाली नाही, ग्रेपने २ दिले, स्क्रिप्टने त्याचा अर्थ ‘एरर नाही’ असा घेतला आणि मागच्या आठवड्याचे चांगले बॅकअप पुसले. तेव्हापासून जिथे पुसणे, पाठवणे किंवा पैसे वळते करणे असते, तिथे मी बाहेर पडलेला आकडा वेगळा उचलून ०, १ आणि बाकी अशा तिन्ही वाटा लिहितो.

शहापूरकरांच्या मूळ प्रश्नाशी सर्वांत जवळची गोष्ट मला पर्लमध्ये भेटली. पर्लमध्ये "०" ही माला खोट्यात जमा असते, पीएचपीसारखीच. डेटाबेसमध्ये बदल करणारी आज्ञा किती ओळी बदलल्या हे परत देते आणि आज्ञा फसली तर अनडेफ, म्हणजे ‘मूल्यच नाही’, देते. मग आज्ञा नीट चालली पण एकही ओळ बदलली नाही, तर काय द्यायचे? नुसते ० दिले तर वाचणाऱ्याला आज्ञा फसली असे वाटेल. म्हणून पर्लच्या डीबीआय या मॉड्यूलने "०ई०" ही माला द्यायची असे ठरवले. आकडा म्हणून तिची किंमत शून्यच, कारण शून्य गुणिले दहाचा शून्यावा घात. पण माला म्हणून ती "०" नाही, त्यामुळे खऱ्यात जमा. ‘शून्य, पण काम झाले आहे’ हे सांगण्यासाठी लोकांना एवढी वाट वाकडी करावी लागली. तुमच्या मामांच्या पाळीला हेच म्हणायचे होते.

---

राकसकोप (सोमवार, संध्याकाळी ६.३०)

जावास्क्रिप्टची बाजू मी मांडतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या वेब-पानांवर तीच असते. तिथे खोट्यात जमा होणारी मूल्ये मोजकी आहेत: फॉल्स, ० आणि उणे ०, बिगइंट जातीचे शून्य, रिकामी अक्षरमाला, नल आणि अनडिफाइन्ड (दोन्ही ‘मूल्यच नाही’ अशा अर्थाची) आणि नॅन (‘हा आकडाच नाही’). "०" ही माला खऱ्यात जमा, पायथनप्रमाणे. पण रिकामा अ‍ॅरे आणि रिकामे ऑब्जेक्ट हे जावास्क्रिप्टमध्ये खऱ्यात जमा आहेत, पायथनमध्ये नाहीत. पायथनकडून आलेल्या माणसाने ‘इफ (यादी)’ लिहिले की यादी रिकामी असतानाही तो आत जातो. तिथे यादीची लांबीच विचारावी लागते.

यापेक्षा अधिक गोंधळ दोन बरोबरीच्या चिन्हांनी होतो. ‘इफ ([])’ आत जातो, तरीही ‘[] == फॉल्स’ याचे उत्तर ट्रू येते. कारण या दोन वेगवेगळ्या प्रक्रिया आहेत. ‘इफ’ फक्त वरची छोटी यादी पाहतो. ‘==’ मात्र दोन्ही बाजूंना एका जातीत आणण्याचा प्रयत्न करते: रिकाम्या अ‍ॅरेची रिकामी माला होते, मालेचे ० होते, फॉल्सचेही ० होते आणि मग शून्य बरोबर शून्य. म्हणून मी माझ्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो की ‘== ट्रू’ किंवा ‘== फॉल्स’ कधीही लिहू नका.

शहापूरकरांची चूक जावास्क्रिप्टमध्ये इतकी सर्रास होत असे की २०२० मध्ये भाषेतच नवे चिन्ह आणले: दोन प्रश्नचिन्हे. ‘||’ हे तिथले ‘ऑर’; ‘नग || १०’ शून्याच्या जागी १० ठेवते, ‘नग?? १०’ फक्त नल किंवा अनडिफाइन्ड असेल तरच १० ठेवते आणि शून्याला हात लावत नाही.

---

वेदगंगाकाठ (सोमवार, रात्री ८.१५)

राकसकोप, एक प्रश्न. आमच्याकडे काही दूध संकलन केंद्रांवरून आकडे मराठी अंकांत येतात, आणि रायबाग-गोकाककडून कधी कन्नड अंकांत. तिथले शून्य या भाषा कसे पाहतात?

---

राकसकोप (सोमवार, रात्री ९.००)

करून पाहिले आणि मग लिहितो आहे. पायथनचा इंट मराठी अंक स्वीकारतो आणि कन्नड अंकही स्वीकारतो. युनिकोडमध्ये दशमान अंक म्हणून नोंदलेला कोणताही अंक त्याला चालतो. म्हणजे मराठी शून्याचे खरे पूर्णांक शून्य होते. जावास्क्रिप्टचा नंबर मात्र फक्त इंग्रजी अंक ओळखतो. त्याला मराठी पाच दिले तर नॅन येते, मराठी शून्य दिले तरी नॅन येते, आणि नॅन खोट्यात जमा. त्यामुळे पाच लिटर दूध घालणारा आणि शून्य लिटर घालणारा, दोघेही ‘नोंद नाही’मध्ये गेले. पीएचपीत मराठी पाचाला पूर्णांक करायला लावले की मुकाट्याने ० मिळते, पण तीच माला थेट अटीत ठेवली तर खऱ्यात जमा होते, मराठी शून्यसुद्धा, कारण त्या भाषेचा विशेष नियम इंग्रजी शून्यापुरताच आहे. सीमाभागात डेटा हाताळणाऱ्याने आत येणारे अंक आधी एका लिपीत आणावेत आणि मगच पुढचे काही करावे.

आणि अंकांपेक्षा घातक आहे शब्दांचा रकाना. आमच्या एका फाइलमध्ये ‘थकबाकी’ या रकान्यात ‘होय’, ‘नाही’ आणि त्यांचेच कन्नड ‘हौदु’, ‘इल्ला’ असे चारही शब्द होते. पायथनमध्ये बूल('नाही') याचे उत्तर ट्रू येते, कारण तिथे शब्दाचा अर्थ पाहिला जात नाही, शब्द रिकामा आहे काय एवढेच पाहिले जाते. एका माणसाने ‘नाही’ लिहिले आणि स्क्रिप्टने त्याला थकबाकीदार ठरवले. आता आम्ही चारही शब्दांची डिक्शनरी ठेवतो आणि पाचवा कोणताही शब्द आला तर स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि ओळीचा क्रमांक सांगते. टीसीएल या जुन्या भाषेने हे मुळातच केले आहे: तिथे अटीमध्ये ‘यस’, ‘नो’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘ट्रू’, ‘फॉल्स’ किंवा आकडा चालतो, दुसरा कोणताही शब्द आला की ती अंदाज न करता चूक दाखवते.

---

अनगोळकर (मंगळवार, सकाळी ८.१०)

शहापूरकर दादा, पांडास (पायथनमधील तक्ते हाताळणारे मॉड्यूल) वापरले तर हे सगळे प्रश्न आपोआप सुटणार नाहीत काय? आमच्या प्रकल्पात आम्ही सीएसव्ही तसेच वाचतो. आकड्यांचे रकाने ते स्वतःच आकड्यांत बदलते.

---

मलप्रभाकाठ (मंगळवार, दुपारी ४.५०)

सुटणार नाहीत, उलट पारडे फिरेल. पांडास रिकाम्या खान्याच्या जागी नॅन ठेवते, आणि पायथनमध्ये नॅन हा शून्य नसलेला दशांश असल्यामुळे तो खऱ्यात जमा आहे. म्हणजे ‘इफ नग’ लिहिले की ज्या पाळीची नोंदच नाही ती आत जाईल आणि ज्या पाळीने शून्य लिहिले ती बाहेर राहील. जावास्क्रिप्टमध्ये नॅन खोटे, पायथनमध्ये खरे. नाव एक, वागणे उलट. शिवाय मी वर सुचवलेली ‘इज नन’ ही तपासणीही इथे उपयोगी पडणार नाही, कारण नॅन म्हणजे नन नव्हे. तिथे पांडासचे ‘इज एनए’ हे फंक्शनच वापरावे. आणि पूर्ण रकाना एकदम ‘इफ’मध्ये ठेवला तर पांडास उत्तर देण्यास नकार देते आणि सत्यता संदिग्ध आहे अशी चूक दाखवते. मला हा नकार मनापासून आवडतो.

पायथनने हे निर्णय किती सावकाश घेतले तेही सांगण्यासारखे आहे. पुष्कळ वर्षे त्या भाषेत बूल, म्हणजे खरे-खोटे, हा प्रकारच नव्हता; १ आणि ० वर काम चालत असे. २००३ च्या २.३ आवृत्तीत तो आला आणि जुना कोड मोडू नये म्हणून त्याला पूर्णांकाचाच उपप्रकार ठेवले, त्यामुळे आजही ट्रू अधिक ट्रू बरोबर २. ‘अट असेल तर हे, नाहीतर ते’ असे एका ओळीत लिहिण्याची सोय नव्हती तेव्हा लोक ‘अट अँड हे ऑर ते’ असे लिहीत, आणि ‘हे’च्या जागी शून्य आले की उत्तर चुकत असे, म्हणजे आपल्याच फलकाची चूक. त्यासाठीची नीट वाक्यरचना २००६ मध्ये २.५ आवृत्तीत मिळाली.

शहापूरकर, आपल्या तिसऱ्या पाळीसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. पायथन ३.५ च्या आधी, म्हणजे २०१५ पर्यंत, वेळ दाखवणारे ऑब्जेक्ट मध्यरात्रीचे असेल तर, म्हणजे युटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) ०० वाजून ०० मिनिटे असेल तर, ते खोट्यात जमा धरले जाई. पाळी सुरू होण्याची वेळ रात्री बारा लिहिली असेल आणि त्या संगणकावर जुनी आवृत्ती असेल, तर ‘इफ वेळ’ म्हणताच ती पाळी गायब होईल. मध्यरात्र ही काही वेळेचा अभाव नव्हे. पुढे भाषेने ते मान्य करून बदलले.

---

चिकोडीकर (मंगळवार, रात्री ९.४०)

एका बाबतीत माझे मत वेगळे आहे ते नोंदवतो. रुबी आणि लुआ या भाषांत फक्त दोनच मूल्ये खोट्यात जमा आहेत: फॉल्स आणि निल (पायथनच्या ननसारखे). शून्य खरे, रिकामी माला खरी, रिकामी यादी खरी. शहापूरकरांची ओळ रुबीत लिहिली असती तर मामांचे शून्य पहिल्या दिवसापासून फलकावर दिसले असते. मला ही रचना सर्वांत स्वच्छ वाटते. ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच अटीने विचारावे. किती आहे, ते आकड्याने सांगावे.

---

मलप्रभाकाठ (मंगळवार, रात्री १०.२५)

आकड्यांच्या बाबतीत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. याद्यांच्या बाबतीत नाही. ‘इफ अनुपस्थित :’ असे लिहिले की वर्गात कोणी गैरहजर असेल तरच पुढचा भाग चालतो, हे मुलांनाही न सांगता कळते, आणि पायथनच्या अधिकृत शैलीनियमांतही रिकाम्या यादीसाठी हीच पद्धत सुचवली आहे. मात्र त्याच नियमांत असाही इशारा आहे की ‘नन नाही ना’ असे विचारायचे असताना नुसते ‘इफ अमुक’ लिहू नये. यादी रिकामी असणे आणि यादीच नसणे यांत मला बहुतेक वेळा फरक करावा लागत नाही. शून्य आणि नोंद नसणे यांत मात्र नेहमी करावा लागतो.

---

शहापूरकर (बुधवार, रात्री ९.३०)

सर्वांचे मनापासून आभार. आज दिवसभरात जे केले ते लिहितो.

स्क्रिप्टमध्ये ‘इफ’ आणि ‘ऑर’ जिथे जिथे आहे त्या सगळ्या ओळी काढून कागदावर लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे मला नेमके काय विचारायचे होते ते मराठीत लिहिले. काही ओळींपुढे ‘आकडा शून्यापेक्षा मोठा आहे काय’, काहींपुढे ‘खाना भरलेला आहे काय’, काहींपुढे ‘यादीत काही आहे काय’ असे आले. कोडमध्ये या तिन्ही प्रश्नांसाठी मी एकच शब्द वापरला होता. आता तिन्ही वेगळे लिहिले आहेत.

नंतर मूळ नोंदवह्या काढून गेल्या महिन्याची फाइल तपासली. तिथे नवीनच गोष्ट आढळली. पहिली पाळी शून्याला ० लिहिते. दुसरी पाळीही ० लिहिते. तिसरी पाळी शून्य असेल तर आडवी रेघ मारते, आणि आकडे भरणारा मुलगा ती रेघ म्हणजे काही नाही असे समजून खाना रिकामा सोडतो. म्हणजे रात्रपाळीच्या चांगल्या रात्री स्क्रिप्टपर्यंत पोहोचतच नव्हत्या. त्या कागदावरून कीबोर्डवर येतानाच खोट्यात जमा झाल्या होत्या. कोणता रिकामा खाना रेघेचा आणि कोणता खरोखर न लिहिलेला, हे ठरवण्यासाठी मी आणि तिसऱ्या पाळीचे सुपरवायझर उद्या महिन्याची वही एकेक पान करून पाहणार आहोत.

दुरुस्त केलेला तक्ता आज दुपारी फलकावर लावला. दुसऱ्या पाळीपुढे ० छापलेले आहे. मामांनी चष्मा पुसून ते पाहिले आणि हातातल्या हातमोज्याने फलकाची काच पुसली.

नोंदवहीच्या पहिल्या पानावर एक सूचना चिकटवायची आहे. मराठीत ‘शून्य असेल तर शून्य लिहावे, रेघ मारू नये’ अशी लिहिली आहे. रात्रपाळीत बरेच जण कन्नड वाचणारे आहेत. अनगोळकर ताई, कन्नडमध्ये कशी लिहावी?

---

अनगोळकर (बुधवार, रात्री ९.५५)

दादा, ‘सोन्ने इद्दरे सोन्ने बरेयिरी, गेरे एळेयबेडी’ असे लिहा. कन्नड लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून त्याचा फोटो तुम्हाला निरोपात पाठवते. शेजारी एक मोठे गोल शून्यही काढते, म्हणजे वाचले नाही तरी कळेल.